कोणत्या खोलीचे तापमान?

स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या, असा संपादकांचा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी लसीकरणाच्या वेळापत्रकावर काहीतरी लिहून मोकळी होते. यंदा तसे करवत नाही. एका तरुण आईने विचारलेला, वरकरणी अगदी साधा वाटणारा प्रश्न गेली दोन वर्षे माझ्या मागे लागला आहे. तो आपल्या सहव्यवसायी बंधुभगिनींपुढे आणि समाजातील सुज्ञ वाचकांपुढे मांडावा, असा विचार आहे.

पाणीगेटच्या आत, मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांतून आपली काही मराठी घरे अजून टिकून आहेत. खाली दुकान किंवा भाडेकरू, मधल्या मजल्यावर वडीलधारी मंडळी आणि सर्वांत वर, पत्र्याखाली, नव्या सुनेची खोली, अशी बहुतेकांची रचना. अशाच एका घरातील सून एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. बाळ साडेचार महिन्यांचे झाले आणि शाळेने कामावर बोलावले. रजेसाठी भांडण्याची तिची परिस्थिती नव्हती. वरचे दूध मात्र द्यायचे नाही, हा तिचा निश्चय होता. मी तिचे मनापासून कौतुक केले आणि माझ्या टेबलाच्या खणातून नेहमीचे छापील पत्रक काढून दिले. काढून ठेवलेले आईचे दूध खोलीच्या तापमानाला सहा ते आठ तास, फ्रीजमध्ये चोवीस तास आणि उणे वीस अंशांवर तीन महिने टिकते, असे त्यावर लिहिलेले. तिने ते वाचले, घडी घातली आणि विचारले, "डॉक्टर, कोणत्या खोलीचे तापमान? आमच्या की तुमच्या?"

वैशाख चालू होता. बाहेर पारा ४२ अंशांवर होता आणि माझ्या खोलीत वातानुकूलन यंत्र गुरगुरत होते. मी "साधारण खोलीचे" असे काहीतरी पुटपुटले. शिक्षिकाच ती, तिने फळ्यापुढे अडलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर टांगायचा एक साधा तापमापक तिच्याकडे पाठवला. दोन दिवसांनी तिने आकडे आणून दिले. दुपारी तीन वाजता ३८ अंश आणि रात्री दहा वाजता ३४. ज्या खोलीच्या तापमानाची हमी मी पंधरा वर्षे छापील कागदावर वाटत होते, ती खोली तिच्या घरात नव्हतीच. माझ्या बहुतेक रुग्णांच्या घरांतही ती वर्षातले चार महिने नसते.

मग मी हे आकडे मुळात आले कोठून, ते पाहू लागले. हे काम वास्तविक आधीच करायला हवे होते. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात मार्गिट हॅमोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी करणाऱ्या मातांनी काढलेले दूध निरनिराळ्या तापमानांवर ठेवून त्यांनी त्यातील जंतूंची वाढ, प्रथिनांचे आणि स्निग्धांशाचे विघटन तपासले. निष्कर्ष असा निघाला की दूध १५ अंशांवर २४ तास आणि २५ अंशांवर ४ तास सुरक्षित राहते. ३८ अंशांवर ते ठेवूच नये. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हाच चार तासांचा दंडक सांगितला, पण त्याला "२५ अंश किंवा त्याहून कमी" अशी स्पष्ट अट जोडली. स्तनपानविषयक वैद्यकीय अकादमीने २०१७ साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत १६ ते २९ अंशांची मर्यादा घालून चार तास उत्तम आणि अत्यंत स्वच्छतेने काढलेल्या दुधासाठी सहा ते आठ तास ग्राह्य मानले. अंशांची ही अट आपल्या पत्रकांत उतरताना कुठेतरी गळून पडली आणि "खोलीचे तापमान" एवढा मोघम शब्द उरला. ३८ अंशांवर ठेवू नये, हे वाक्य तर मी कोणत्याही मराठी वा गुजराती पत्रकात पाहिलेले नाही. वास्तविक आपल्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ताजे मातृदुग्ध हे गाई-म्हशीच्या दुधासारखे निराधार नसते. त्यात प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम आणि जिवंत पेशी असतात. काढल्यानंतर पहिले काही तास ते जंतूंना स्वतःच आवर घालते. म्हणून तेवढाच वेळ उघड्यावर राहिलेल्या म्हशीच्या दुधाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पण हा आवर घालण्याचा काळ उष्णतेबरोबर आखडत जातो. शिवाय जंतू वाढले नाहीत तरी दुधातील लायपेज हे विकर स्निग्धांश फोडत राहते. कित्येक आया सांगतात की ठेवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो, तो याचाच. तेवढ्यावरून दूध टाकून देण्याचे कारण नाही, मात्र काही बाळे असे दूध तोंडातून बाहेर ढकलतात.

आता थोडे स्वतःविषयी. १९९९ साली माझा मुलगा अडीच महिन्यांचा असताना मी एका रुग्णालयात कनिष्ठ पदावर रुजू झाले. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी असेच चाले. सकाळी बाह्यरुग्ण विभागात बसून मी आयांना निव्वळ स्तनपानाचे महत्त्व समजावून सांगत असे. दुपारी दोनच्या सुमारास छाती दगडासारखी होई, पदर सावरावा लागे, आणि मग कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात जाऊन मी ते दूध बेसिनमध्ये पिळून नळ सोडत असे. त्याच मजल्यावर लसींचा फ्रीज होता. त्यात नियमाविरुद्ध कुणाची तरी शीतपेयाची बाटलीही असे. त्या बाटलीशेजारी माझी एक झाकणाची डबी राहू शकते, हे मला सुचले नाही, आणि सुचले असते तरी बोलण्याचे धैर्य झाले नसते. घरी सासूबाई म्हशीच्या दुधात पाणी घालून ते बाटलीने पाजत. चौथ्या महिन्यात मुलाला जुलाब झाले, डोळे खोल गेले आणि त्याला सलाईन लावावे लागले. त्या जुलाबांचे कारण दूध होते, बाटली होती, पाणी होते की आणखी काही, हे मी आज सांगू शकणार नाही. पण सुई मीच टोचली होती, तेव्हा तो हात अजून आठवतो.

ही गोष्ट घडली तेव्हा मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू होऊन दहा वर्षे झाली होती. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली उभारलेली ती पेढी आशियातील पहिली. दिवस पुरे न भरलेल्या बाळांसाठी अन्य मातांचे दूध गोळा करायचे, ६२.५ अंशांवर तीस मिनिटे ठेवून ते निर्जंतुक करायचे आणि गोठवून साठवायचे, असे तेथील काम. म्हणजे महानगरपालिकेच्या रुग्णालयात हे होऊ शकते, हे आमच्या पिढीला ठाऊक होते. तरीही एम.डी. झालेली बाई आपल्याच मुलाचे दूध बेसिनमध्ये ओतत होती. दुग्धपेढीचे शास्त्र आणि घरातला फ्रीज यांचा काही संबंध आहे, असे आम्हांला कुणी शिकवले नव्हते. आम्हीही कुणाला विचारले नाही.

दुग्धपेढीचे नाव निघाले म्हणून एका घोटाळ्याविषयी सांगते. त्या शिक्षिकेच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी काढलेले दूध छोट्या पातेल्यात ओतून चक्क उकळले. त्यांना दोष कसा द्यावा? आपल्या घरांत दूध आले की ते तापवायचे, हा पिढ्यान् पिढ्यांचा नियम. न तापवलेले दूध म्हणजे कच्चे दूध, आणि कच्चे दूध तान्ह्या बाळाला द्यायचे नाही. गवळ्याच्या दुधाबाबत हा नियम अगदी बरोबर आहे. आईच्या दुधाबाबत मात्र तो नेमका उलटा पडतो, कारण उकळल्याने ज्या संरक्षक घटकांसाठी एवढा खटाटोप करायचा तेच नष्ट होतात. पेढीतही दूध तापवतात ना, असे मला एका बालरोगतज्ज्ञ नसलेल्या मित्राने विचारले. तेथे दूध परक्या आईचे असते, घेणारे बाळ नाजूक असते आणि तापमान मोजून राखलेले असते. तरीही काही गुण कमी होतातच. स्वतःच्या आईचे दूध स्वतःच्या बाळाला देताना ते तापवण्याचे काहीच कारण नाही. बाळ गार दूध घेत नसेल तर डबी कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करावी, मलई वर आलेली दिसते ती हलक्या हाताने घोळवून मिसळावी, आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा. मायक्रोवेव्हचे नावही काढू नये. त्यात मधला भाग चटका बसेल इतका तापतो आणि बाहेरून भांडे कोमटच लागते.

सासूबाईंना हे पटायला एक आठवडा लागला. पण एकदा पटल्यावर त्यांनी जो कारभार हाती घेतला तो पाहण्यासारखा होता. त्यांना इंग्रजी तारखांची सवय नाही. त्यांनी स्टीलच्या झाकणाच्या डब्यांवर चिकटपट्टी लावून "षष्ठी सकाळ", "षष्ठी दुपार", "सप्तमी पहाट" असे लिहायला सुरुवात केली. जुनी डबी आधी वापरायची, हा नियम त्यांच्याकडून कधी चुकला नाही. क्षयतिथीच्या दिवशी काय करता, असे मी गमतीने विचारले, तर त्यांच्याकडे त्याचेही उत्तर होते.

फ्रीजविषयी मात्र आपण डॉक्टरांनी अधिक कठोर व्हायला हवे. "फ्रीजमध्ये चार दिवस" हे विधान ४ अंशांच्या फ्रीजसाठी आहे. एका दाराचा जुना फ्रीज, मे महिना, घरात सात माणसे आणि दर दहा मिनिटांनी थंड पाण्याच्या बाटलीसाठी उघडले जाणारे दार. त्या फ्रीजमध्ये ४ अंश असतात असे छातीठोकपणे कोण सांगेल? दारातल्या खणात तर नाहीच. आपण लसी कधी दारात ठेवत नाही, दिवसातून दोनदा तापमान वहीत टिपतो, वीज गेली तर फ्रीज उघडू देत नाही. लसीच्या कुपीला जो मान आहे तो आईच्या दुधाला का असू नये? माझा आता असा नियम आहे: फ्रीजमध्ये तापमापक ठेवून ४ अंश दिसत असतील तर चार दिवस, नसेल पाहिले तर चोवीस तास, आणि डबी मागच्या बाजूस, मधल्या कप्प्यात, वरून झाकलेली. स्वतंत्र दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम टिकते. एका दाराच्या फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यावर मी दोन आठवड्यांपलीकडे भरवसा ठेवत नाही. गोठवलेले दूध रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवून वितळवावे, पूर्ण वितळल्यावर चोवीस तासांत संपवावे आणि ते पुन्हा गोठवू नये. एकेका डबीत साठ ते शंभर मिलिलिटरच भरावे, म्हणजे फुकट जात नाही. बाळाने तोंड लावून उरवलेले मात्र टाकून द्यावे, ते दोन तासांपलीकडे ठेवू नये, आणि उन्हाळ्यात तेवढेही नको.

भांड्यांच्या बाबतीत फार चर्चेची गरज नाही. काच किंवा स्वच्छ स्टील, नाहीतर अन्नासाठीचे चांगल्या दर्जाचे प्लास्टिक, पितळ-तांबे नको. पाजायला वाटी-चमचा उत्तम. आजीच्या काळचे चांदीचे बोंडले फार सुंदर दिसते, पण त्याची चोच आतून घासता येत नाही.

येथवर वाचून कुणी म्हणेल की हे सारे फ्रीज असलेल्यांसाठी झाले. ते खरेच आहे. माझ्याकडे पाणीगेटबाहेरच्या वस्तीतून एक आई येते. ती चार घरी धुणी-भांडी करते, सकाळी आठला निघते आणि एकला परतते. तिच्या घरी फ्रीज नाही. ज्या घरी ती पहिल्यांदा जाते तेथे दोन दारांचा मोठा फ्रीज आहे. आपली डबी त्यात ठेवू द्याल का, असे तिने मालकिणीला विचारले. "आमच्या फ्रीजमध्ये ते कसे ठेवायचे?" असे उत्तर आले. त्याच फ्रीजमध्ये त्यांच्या कुत्र्याच्या औषधाची बाटली असते, हे तिने मला कोणताही कडवटपणा न आणता सांगितले. गाईचे दूध आपण देवाला वाहतो, आणि बाईचे दूध मात्र विटाळाचे? सुशिक्षित घरांत मी हा संकोच इतक्यांदा पाहिला आहे की तो आता मला अडाणीपणा वाटत नाही, निर्दयपणा वाटतो.

तिच्यासाठी आम्ही मार्ग काढला तो असा. निघण्यापूर्वी शेवटच्या क्षणी, हात साबणाने धुऊन, हाताने दूध काढायचे. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ भरायचा आणि डबी त्यात बुडवून ठेवायची. बर्फ कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून येतो; तो डबीबाहेरच राहतो आणि झाकण घट्ट असते, म्हणून तो अशुद्ध असला तरी चालते, पण डबी पुसूनच उघडायची. परत येईपर्यंत थर्मासमध्ये बर्फ शिल्लक असला पाहिजे, ही एकच खूण तिने लक्षात ठेवायची. लसीच्या डब्याचाच हा न्याय. माठाच्या पाण्यात डबी उभी करण्याचा सल्ला काही जण देतात. कोरड्या वैशाखात माठ काही अंश उतरवतो, परंतु श्रावणातल्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते आणि माठ नावापुरता उरतो. म्हणून माझा कल बर्फाकडे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराच्या कित्येक भागांत वीज बंद होती. त्या रात्री मला तीन आयांचे फोन आले. तिघींनीही फ्रीझरमधले दूध ओतून टाकले होते किंवा टाकण्याच्या बेतात होत्या. एकीचे वाचवता आले. भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर दोन दिवसांपर्यंत आणि अर्धा भरलेला असेल तर एक दिवस गारवा धरतो. दुधात बर्फाचे स्फटिक शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येते. ही दोन वाक्ये आधी सांगितली असती तर बाकीच्या दोघींचेही वाचले असते. ती न सांगण्याची चूक माझी.

आपण आणंदपासून चाळीसेक किलोमीटरवर राहतो. १९४६ साली तेथे सहकारी दूधसंघ उभा राहिला, आणि आज खेड्यापाड्यांतील संकलन केंद्रांवर म्हशीचे दूध काढल्यानंतर लवकरात लवकर चार अंशांपर्यंत उतरवण्याची यंत्रे आहेत. दूध गार ठेवणे म्हणजे काय, हे या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील सहा महिन्यांखालील बाळांपैकी ६३.७ टक्के बाळे निव्वळ आईच्या दुधावर आहेत; म्हणजे दर तीनांतले एक नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. पण धुणी-भांडी करणारीला, लहान शाळेतील शिक्षिकेला, पेढीवर बसणाऱ्या सुनेला त्याचा किती उपयोग? त्यांच्या हाती उरते ती डबी आणि आपण दिलेला कागद.

तो कागद बदलावा, हीच माझी मागणी आहे. आपल्या मंडळाने मराठी आणि गुजरातीत एक पानाचे पत्रक काढावे, त्यात "खोलीचे तापमान" हा शब्द नसावा, अंश असावेत. मी मसुदा केला आहे. २५ अंशांपर्यंत चार तास. २५ ते ३० मध्ये त्याहून कमी, शक्यतो दोन. आणि त्यापुढे बाहेर ठेवूच नये, काढल्याबरोबर बर्फात किंवा फ्रीजमध्ये. यातील दोन तासांचा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, कोणत्याही प्रयोगाचा नाही, हे मी मसुद्यातही लिहिले आहे. अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी हे पत्रक नाही. त्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत, हेही त्यात आहे.

मसुदा वाचून आपल्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला फोन केला. त्यांचे म्हणणे असे की इतके नियम वाचून बायका घाबरतील आणि सरळ डब्याचे दूध सुरू करतील. आठ तासांचा आकडा मोठा असला तरी त्याने कितीतरी आयांना धीर दिला आहे, आणि सहा तास बाहेर राहिलेले आईचे दूधसुद्धा अस्वच्छ बाटलीतल्या पाणी घातलेल्या दुधापेक्षा बरे. त्यांचा मुद्दा मला खोडून काढता आलेला नाही. फ्रीजही नाही आणि बर्फही नाही अशा घरात मी स्वतःही काय सांगेन, हे तो प्रसंग आल्यावरच कळेल. पण जिथे बर्फ मिळतो तिथे तो घ्यायला सांगावा, एवढे तरी त्यांनी मान्य केले. मसुद्याच्या प्रती सभेच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना आकडे पटणार नाहीत त्यांनी ते पेन्सिलीने खोडून आपले लिहावेत आणि प्रत माझ्याकडे परत द्यावी.